जुन्या ट्रॅव्हलर मोटर होमचा क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स कर्र करतो. गिअरबॉक्स उतरवायचा का?

वेंगुर्ला_व्हॅन

गाडी १९९१ ची टेम्पो ट्रॅव्हलर, डिझेल. मागे दोन बंक, ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी असं मोटर होम करून घेतलेली. क्लच हायड्रॉलिक आहे. जून ते ऑक्टोबर वेंगुर्ल्यात पत्र्याच्या शेडखाली उभी होती, समुद्र हाकेच्या अंतरावर. मधून मधून इंजिन चालू केलं, गाडी हलवली नाही.

आता परिस्थिती अशी:

पेडल अर्ध्यापर्यंत अगदी पोकळ जातं, शेवटी शेवटी जोर लागतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. चालू केलं की पहिला ढकलून घालावा लागतो आणि रिव्हर्स कर्र करतो. पेडल भराभर तीन-चार वेळा मारलं तर गिअर बरा पडतो. पण गिअरमध्ये ठेवून पेडल दाबून उभं राहिलं की थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला बघते. क्लचच्या तेलाच्या बाटलीतली पातळी कमी झालेली नाही, मात्र तेल काळपट तपकिरी दिसतं.

इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट टाकूया. डिसेंबरात आंबोली चढून बेळगावकडे जायचं आहे. तेवढा खर्च करायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल?

पाना_तेरा

गिअरबॉक्सला अजून हात लावू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांतली दोन थेट हायड्रॉलिककडे बोट दाखवतात. भराभर मारल्यावर सुधारणं म्हणजे लाईनमध्ये हवा आहे, किंवा कुठेतरी यांत्रिक ढिलाई आहे. दाबून धरल्यावर हळूहळू सुटणं आणि तरी बाटलीतली पातळी तशीच राहणं म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेला, तेल ढकलणारा) आतला पुढचा रबर कप तेल मागे सोडतोय. तेल बाहेर पडत नाही, आतल्या आत परत बाटलीत जातं, म्हणून पातळी हलत नाही. क्लच प्लेट खराब असती तर पेडल मारण्याने तिला काही फरक पडला नसता.

पण अंदाजावर सुटे भाग घेऊ नका, मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. खाली जाऊन गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर बसवलेला स्लेव्ह सिलिंडर शोधा. त्याच्या रबरी बुटातून बाहेर आलेली पुशरॉड क्लच फोर्कला ढकलते. रॉडवर खडूने खूण करा, शेजारी स्टीलची पट्टी धरा आणि वर बसलेल्या माणसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. तीन आकडे लिहून घ्या: सकाळी पहिल्याच दाबाला रॉड किती सरकली, भराभर चार वेळा मारून पाचव्याला किती सरकली, आणि तसंच एक मिनिट दाबून ठेवल्यावर किती मागे आली.

किती सरकायला हवी? नमुना म्हणून मास्टरचा बोर, म्हणजे आतला व्यास, १९.०५ मिमी आणि स्लेव्हचा २२.२ मिमी धरा. तुमच्या सिलिंडरच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, तो वाचून हेच गणित पुन्हा करा. पेडलची चाल १५० मिमी आणि लीव्हर सहाला एक असेल तर मास्टरचा पिस्टन २५ मिमी जातो. त्यातले दोनेक मिमी सुरुवातीच्या मोकळ्या चालीत आणि बाटलीकडून येणारं बारीक भोक झाकण्यात जातात. उरलेल्या २३ मिमीत साधारण साडेसहा मिलि तेल पुढे ढकललं जातं आणि स्लेव्ह १७ मिमीच्या आसपास सरकतो. एका दाबात फक्त साडेसहा मिलि, हे लक्षात ठेवा. यातलं एक मिलि कुठे हरवलं, तर स्लेव्हवर अडीच मिमीपेक्षा जास्त चाल कमी होते. लाईनमधला दाब सहज २०-२५ बारपर्यंत जातो, त्या दाबाखाली एक मिलिचा हवेचा बुडबुडा जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे तो अख्खा मिलि वाया.

आणखी एक गोष्ट, मोटर होम असल्यामुळे मुद्दाम विचारतोय. केबिनच्या तळाला प्लायवूड, व्हिनाइल, मॅट असं काय काय घातलंय? पेडल पत्र्याला टेकतं की मॅटला? मागचं फर्निचर करणारा सुतार पुढची फरशीही सपाट करून देतो आणि पेडलची २०-२५ मिमी चाल खाऊन टाकतो. वरच्या गणितात २५ मिमी पेडल म्हणजे स्लेव्हवर तीन मिमी. ही चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण पेडल "पूर्ण" दाबल्यासारखंच वाटतं.

नाखवा

चार महिने पावसात उभी होती म्हणतास, मगे प्लेट फ्लायव्हीलाक चिकटलीच असतली. खाऱ्या हवेत हे नेहमीचं. आधी ती सोडवा, मग सिलिंडर बघा.

पाना_तेरा

नाखवा, शंका रास्त आहे, पण चिकटलेली प्लेट पेडल चार वेळा मारून सुटत नाही आणि यांचा गिअर तर तसा पडतोय. प्लेट पूर्ण चिकटली असती तर इंजिन चालू असताना कुठलाच गिअर पडला नसता आणि गिअरमध्ये स्टार्टर मारला असता तर पेडल दाबूनही गाडीने उडी घेतली असती. खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट मैदानावर, समोर काही नसताना, दुसरा गिअर घालून, पेडल तळाला दाबून स्टार्टर अर्धा सेकंद फिरवा. गाडी ओढली गेली तर क्लच सुटत नाहीये हे कळेल. का सुटत नाही ते मात्र पट्टीच सांगेल. रॉड १५-१६ मिमी सरकते आणि तरीही गाडी ओढते, असं असेल तरच दोष बेल हाउसिंगच्या आत: चिकटलेली प्लेट, गंजलेल्या स्प्लाइन, वाकलेला फोर्क किंवा क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग जाम.

खरंच चिकटलेली निघाली तर इंजिन नीट गरम करून, दुसऱ्या गिअरमध्येच स्टार्टरने सुरू करून, पेडल दाबून ठेवत अॅक्सिलरेटर द्यायचा-सोडायचा. बहुतेक वेळा टक्‌ आवाज होऊन प्लेट सुटते. एक पाय ब्रेकवर नेता येईल एवढी मोकळी जागा हवी. गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग नको.

पावसाळ्यात पेडलवर लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवायची पद्धत ट्रॅक्टरवरून आली आहे. हायड्रॉलिक क्लचला तिचा उपयोग नाही. जरा जरी गळती असली तरी दाब काही तासांत उतरतो आणि कप मात्र त्या एकाच जागी दाबून बसतो. पंधरवड्याने गाडी दहा पावलं पुढे-मागे करणं आणि पेडल वीसेक वेळा मारणं बरं.

वेंगुर्ला_व्हॅन

मोजलं. पहिल्या दाबाला ७ मिमी. भराभर मारून ११. एक मिनिट धरून ठेवल्यावर ८ वर आली.

पेडलखाली १२ मिमी प्लाय, त्यावर व्हिनाइल, त्यावर जाड रबरी मॅट निघाली. सगळं मिळून पंचवीस मिमीच्या जवळ जातं. पेडल मॅटलाच टेकतं. शिवाय पेडल आणि मास्टरची रॉड जोडणारी पिन हलवून पाहिली तर भोकात चांगली खेळते, दीड-दोन मिमी तरी असेल. स्लेव्हचा बूट मागे ओढल्यावर आत ओलसर तपकिरी चिखल आहे, थेंब पडत नाही.

पाना_तेरा

आता हिशेब बघा. असायला हवी १७ च्या आसपास, मिळतेय ७. फरशीने ३ खाल्ली. पिनेच्या दोन मिमीने दीड. भराभर मारून ४ परत आली, ती हवेची. बेरीज केली तर १५.५ येते, उरलेलं कपाचं आणि मोजमापातल्या फरकाचं. एका मिनिटात ११ वरून ८ म्हणजे मास्टरचा कप बाद. क्लच प्लेटचा यात कुठेच संबंध दिसत नाही. सेट टाकला असता तरी गाडी तशीच राहिली असती, कारण नव्या प्रेशर प्लेटलाही तेवढीच चाल लागते.

काम स्वस्तापासून सुरू करा. पेडलखालचं प्लाय कापून पायाएवढी मोकळी जागा करा, मॅट तिथपर्यंत येणार नाही अशी खिळवा. पिन आणि तिचा बुश बदला, भोक अंडाकृती झालं असेल तर पितळी बुश घालून घ्या. मग दोन्ही सिलिंडर एकदम उतरवा. एकच करू नका. मास्टरला नवा कप घातला की दाब पूर्ण येतो आणि तो जुना स्लेव्ह, ज्याचा बूट आधीच ओला आहे, पंधरा दिवसांत थेंब टाकायला लागतो.

लेथवाला

सिलिंडरबद्दल लिहितो.

उतरवण्याआधी बाटलीतलं तेल सिरिंजने काढून घ्या आणि खाली, पेडलपाशी जुनी चादर अंथरा. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते गाडीचा रंग उचलतं. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

स्लेव्ह उघडलात की बोरचा खालचा भाग आधी बघा. क्लचची लाईन ही बंद गल्ली आहे. इंजिन ऑइलसारखं तेल फिरत नाही, तेच साडेसहा मिलि पुढे-मागे होत राहतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बाटलीच्या झाकणाच्या भोकातूनही ते पुरेसं मिळतं. ते पाणी सर्वांत खालच्या जागी, म्हणजे स्लेव्हमध्ये काम करतं. तिथे कपाच्या विसावण्याच्या रेषेत बारीक खड्डे पडतात. नवा कप त्या खड्ड्यांवरून आठवडाभरात फाटतो. म्हणून फक्त रबर किट टाकून भागेल का, हे बोर ठरवतो.

बिडाचा सिलिंडर असेल तर बोटाला ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर गुंडाळून, ब्रेक ऑइल लावून, गोल फिरवत घासा. लांबीने घासू नका. डाग गेले आणि नखाला काही लागलं नाही तर ठीक. खड्डा नखाला लागतोय तर बोर बाद. घासून झाल्यावर नवा पिस्टन कपाशिवाय आत घालून बाजूने साधारण ०.१५ मिमीचा फीलर गेज शिरतो का बघा. शिरला तर बोर मोठा झालाय. अॅल्युमिनियमचा सिलिंडर असेल तर घासूच नका. त्यावरचा कठीण थर गेला की खालचा धातू कप आणि पिस्टन दोघांनाही खातो.

जुन्या गाडीचा नवा अस्सल सिलिंडर मिळत नसेल तर स्लीव्ह (बोरच्या आत बसणारी नवी नळी) घालून घेणं हा सर्वांत टिकाऊ उपाय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असं काम करणारे लेथवाले शोधता येतात. बोर मोठा करून पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह दाबून बसवतात आणि मूळ मापाला होन करतात, म्हणजे घासून गुळगुळीत करतात. काम देताना दोन गोष्टी बजावून सांगा. मास्टरमध्ये बाटलीकडून येणारी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक जेमतेम सुई जाईल एवढं. ते बारीक भोक स्लीव्हमध्ये त्याच जागी, तेवढंच पाडायला हवं. आणि आतल्या बाजूला त्याची धार घासून बोथट केलेली हवी, नाहीतर प्रत्येक दाबाला ती कपाचा ओठ कातरते. बहुतेक स्लीव्हचं काम फसतं ते इथेच.

धुवायला डिझेल, रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. गॅरेजात सवयीने डिझेलच्या डब्यात बुडवतात. खनिज तेलाचा अंश राहिला तरी रबर फुगतं, कप बोरमध्ये अडकतो आणि पेडल वर येत नाही. स्पिरिटने धुवा, हवेने वाळवा, कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनी बसवा. स्क्रू ड्रायव्हर नको. कपाची पसरट बाजू दाबाच्या दिशेला, हे सांगायची गरज नसावी, पण उलटे बसवलेले कप पुष्कळ निघतात.

पूर्वी कुणी बाटलीत इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं तेल टाकलं असेल तर कप फुगून मऊ लिबलिबीत झालेले दिसतील. तसं असेल तर हौज (लवचिक रबरी नळी) धरून सगळं रबर बदलावं लागतं, आणि बाटली ब्रेकशी सामायिक असेल तर ब्रेकचं रबरसुद्धा.

हवा काढायला खालून वर तेल ढकलण्याची पद्धत उत्तम. ६० मिलिची सिरिंज, माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) जोडा आणि सावकाश ढकला. हवेला वरच जायचं असतं, आपण तिला त्याच वाटेने नेतो.

पाना_तेरा

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. खालून ढकलणं चांगलंच, पण या गाडीत आधी नाही. यांच्या स्लेव्हमध्ये चिखल आहे, म्हणजे पाईपमध्येही असणार. तो खालून वर ढकलला तर थेट मास्टरच्या त्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसेल. सिलिंडर उतरवलेले असतानाच पाईपमधून वरून खाली स्पिरिट सोडा, स्वच्छ येईपर्यंत. मग हवा मारून वाळवा. त्यानंतर जोडणी, त्यानंतर सिरिंज.

पाईप मोकळा आहे तर तो पूर्ण हाताने चाचपा. स्टीलचा पाईप मधे चांगला दिसतो आणि क्लिपखाली कुजतो, कारण खारट ओल तिथे सुकतच नाही. खवले निघाले तर बदला. त्याच व्यासाचा, त्याच आट्यांचा स्टील पाईप किंवा तांबे-निकेलचा. साधा तांब्याचा पाईप कुणी सुचवेल, तो घालू नका. थरथरीने कडक होऊन फ्लेअरपाशी (पसरवलेल्या टोकापाशी) तडकतो. जुना नट घेऊनच दुकानात जा, कारण मेट्रिक आणि इंची आटे पहिले दोन फेरे एकमेकांत फसवे बसतात.

हौज वयाने जुना असेल तर बिनशर्त बदला. दोन प्रकारे त्रास देतो. बाहेरून मऊ झाला तर दाबाला फुगतो, पेडल मारताना हातात धरलात तर जाणवतं. आतून सुजला तर झडपेसारखं वागतो: पायाच्या जोराने तेल जातं, परत येताना अडतं, क्लच उशिरा पकडतो.

हवा काढताना यांचा स्लेव्ह कसा बसलाय ते बघा. निपल वरच्या टोकाला हवी. काढघाल करताना सिलिंडर उलटा बसवला की निपल खाली जाते, मग दोन लिटर तेल घाला, हवा वर अडकून राहते. गाडीतच बसवून जमत नसेल तर बोल्ट काढा, पाईप लावलेलाच ठेवून स्लेव्ह हातात घ्या, निपल आकाशाकडे करा, रॉडने पिस्टन पूर्ण आत दाबा आणि धरून ठेवा. आता निपल उघडून वरून तेल येऊ द्या. यात पेडलला कुणी हात लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडेल. गुरुत्वावर दहा-पंधरा मिनिटांत बरीचशी हवा येते. मग स्लेव्ह बसवून नेहमीची दोन माणसांची पद्धत: पेडल सावकाश दाबा, निपल पाव फेरा सोडा, बंद करा, मगच पेडल उचला. भराभर मारलं तर तेलात फेस होतो. अर्ध्या लिटरचा सीलबंद डबा एक पूर्ण कामाला पुरतो. उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका.

निपल गंजून बसली असेल तर आदल्या रात्री गंजसोड तेल, सकाळी सहा कोनी सॉकेट. रिंग पाना घसरला की डोकं गोल झालंच.

तेल डॉट ३ की डॉट ४? झाकणावर लिहिलेलं असेल ते. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० धरतात. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. किनाऱ्यावर गाडी राहते तर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, निपलमधून शंभर-दीडशे मिलि तेल काढून ताजं भरा. बाटलीतलं तेवढं बदललं तर खालचं काळं तसंच राहतं.

घाटरस्ता

काम होईपर्यंत आंबोलीचं नाव काढू नका, पण घाटात क्लच गेलाच तर काय, हेही इथे असलेलं बरं.

पेडल एकदम फरशीला टेकलं तर आधी भराभर मारून पाहा, चार-पाच गिअर बदलण्यापुरता क्लच मिळतो. तेवढ्यात वळणाआधीची रुंद जागा गाठा. चढावर थांबलात तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही. पाण्याची टाकी भरलेली असेल तर तेवढ्या शंभर किलोंनी काही बिघडत नाही, पण रिकामी करून पुढे जाणं सोपं पडतं. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मारून निघता येतं. डिझेल इंजिन कमी आरपीएमला ताकद देतं, त्यामुळे दुसऱ्यात टाकताना अॅक्सिलरेटर सोडून, न्यूट्रलला क्षणभर थांबून, आवाज उतरला की गिअर आत घसरतो. खालच्या गिअरला येताना न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्यायची. हे सपाटीचं. आंबोलीच्या चढावर, दाणोली सोडल्यानंतर, गिअरमध्ये स्टार्टरने गाडी ओढायचा प्रयत्न करू नका. भरलेल्या मोटर होमला स्टार्टर उचलत नाही आणि जळतो. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणं तर नकोच, ब्रेक तापून निकामी होतात.

तेल संपलंय आणि ब्रेक ऑइल जवळ नाही, अशा वेळी लोक इंजिन ऑइल टाकतात. ते नको. क्लचची बाटली ब्रेकपासून अगदी वेगळी असेल तर एक वेळ स्वच्छ पाणी परवडलं. रबर वाचतं, घरी पोचल्यावर लगेच सगळं धुऊन भरायचं. बाटली सामायिक असेल तर पाण्याचा विचारही करू नका, ब्रेकच्या उष्णतेत त्याची वाफ होते. तिथे उभं राहून टोइंग बोलावणं एवढाच मार्ग.

सामायिक बाटलीत क्लचची नळी बहुधा वरच्या अंगाला जोडलेली असते. त्यामुळे ब्रेकचं तेल कुठे गळत असेल तर पहिला क्लच जातो. क्लच पोकळ झाला आणि पातळी खाली दिसली, तर आधी चाकं तपासा.

वेंगुर्ला_व्हॅन

काम झालं. मास्टर नवा मिळाला, स्लेव्हचा बोर नखाला लागत होता म्हणून तोही नवा. हौज बदलला, पाईप चांगला निघाला. प्लाय कापलं, पिन-बुश नवे. आता पहिल्याच दाबाला १५ मिमी, एक मिनिट धरून तेवढीच राहते. रिव्हर्स आवाज न करता पडतो.

नवीन अडचण: कुडाळपर्यंत जाऊन येताना पाऊण तासाने तिसऱ्या-चौथ्यात इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी तेवढी ओढत नाही. पेडल वरच्या वर कडक लागतं. तासभर उभी केली की पुन्हा ठीक. आता तरी प्लेट गेली का?

पाना_तेरा

नाही. थंड असताना धरते आणि तापल्यावर घसरते, शिवाय पेडल कडक, म्हणजे लाईनमध्ये दाब अडकून राहतोय. मास्टर नवा बसवलाय, तेव्हा बहुधा त्याची पुशरॉड लांब राहिली आहे. पेडल पूर्ण वर असतानाही पिस्टन किंचित आत ढकललेला असेल तर कप ते बारीक भोक झाकून बसतो. इंजिनच्या उष्णतेने तेल प्रसरण पावतं, त्याला बाटलीत परतायला वाट नाही, मग ते स्लेव्हला ढकलतं आणि क्लच अर्धवट सुटतो. प्लेट असंच चालवून खरोखर जळेल, तेव्हा आधी हे करा.

पुन्हा तापल्यावर घसरली की बाजूला घ्या आणि स्लेव्हची निपल पाव फेरा सोडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि लगेच क्लच धरायला लागला, तर निदान पक्कं. निपल तापलेली असते, डोळ्यांना चष्मा लावा. त्यानंतर मास्टरच्या रॉडचा लॉकनट सैल करून रॉड आखूड करा. रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिमी मोकळीक हवी, म्हणजे सहाला एक लीव्हरवर पेडलच्या टोकाला ६ मिमीच्या आसपास पोकळ चाल. हाताने पेडल हलवून जाणवली पाहिजे. तीन-चार मिमीपर्यंत मोकळी ठेवू नका, नाहीतर कमावलेली चाल पुन्हा जाईल.

रॉड बरोबर निघाली तर बाटलीचं झाकण उघडून दुसऱ्याला पेडल अगदी हलकेच, पहिल्या सेंटिमीटरमध्ये, दाबायला सांगा. भोक मोकळं असेल तर तेलात बारीक उसळी दिसते. बाटली मास्टरपासून लांब असेल तर बारीक बघावं लागेल, मास्टरवरची नळी काढून पाहिलं तर जास्त स्पष्ट. उसळी नाही आणि रॉडमध्ये मोकळीक आहे, तर मास्टर खोलून भोक तपासा. तेही साफ असेल तर पेडलची परत ओढणारी स्प्रिंग पेडल शेवटपर्यंत वर आणते का ते बघा. तुम्ही नुकतंच प्लाय कापलंय, कापलेली कड पेडलच्या दांड्याला अडत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

वेंगुर्ला_व्हॅन

रॉडच होती. पेडलला मोकळीक शून्य. आखूड करून लॉकनट आवळला, आता पेडलला सहा-सात मिमी पोकळ चाल आहे. स्लेव्हवर १४.५ मिळते. रविवारी सावंतवाडीपर्यंत भरलेल्या टाकीने नेऊन तापल्यावर काय होतं ते लिहितो. बांद्याच्या बाजूने तांबे-निकेलचा पाईप कुठे मिळतो का, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. एका क्लिपखाली थोडे खवले दिसताहेत, पुढच्या पावसाआधी तोही बदलून टाकतो.